घाबरचाचणी

होडीवर मी प्रत्येकाला बजावते, पाण्याखाली अंगठा वर करायचा नाही. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. मस्त वाटलं तर बोटांचा गोल करून दाखवा. सगळे शहाण्यासारखी मान डोलावतात, आणि खाली कॅमेरा दिसला रे दिसला की अंगठा वर! मग नियमाप्रमाणे मी त्यांना वर आणते. वर आल्यावर ते माझ्यावरच खेकसतात, "अहो, आत्ताच तर गेलो होतो!" इचलकरंजीचे असोत की इंदूरचे, काही फरक नाही.

पूर्वी मीही उलट खेकसायचे. तारकर्लीत माझं तोंड प्रसिद्ध होतं. हल्ली मी काही बोलत नाही, गुपचूप परत खाली नेते. धंद्याला ते बरंच म्हणायचं. पण खरं सांगायचं तर सिद्धेश, म्हणजे माझा नवरा, समुद्रात राहिला तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रारही करत नाही. चहाने जीभ भाजली की चव जाते ना, तसं झालंय. जेवण जेवते, भांडी घासते, पोरीची वेणी घालते. दोन वर्षं झाली.

'राहिला' म्हणते, कारण आमच्या घरात 'गेला' म्हणायची सोय नाही. सासूबाई उठून जातात.

तर, कोर्सचं सांगते. खाली दाखवायला आता उरलंय काय? मी या धंद्यात आले तेव्हा सहा मीटरवर प्रवाळ होतं, रंगीत, जिवंत. समुद्र तापत गेला आणि ते पांढरं पडलं, मग त्यावर शेवाळ आलं. आता आम्ही पर्यटकांना शेवाळलेला दगड आणि मुद्दाम बुडवून ठेवलेली सिमेंटची मूर्ती दाखवतो. होड्या एकेक करून किनाऱ्यावर उलट्या पडल्या. याच सुमाराला वायरी गावाजवळ नवं प्रवाळ केंद्र उघडलं. त्यांचं म्हणणं असं की, वरचं प्रवाळ मेलं तरी ऐंशी-नव्वद मीटर खोल, जिथे पाणी अजून थंड आहे, तिथे प्रवाळ शिल्लक आहे. बाहेरच्या समुद्रात सातवीण खडप म्हणून एक बुडालेला डोंगर आहे, त्याच्या उतारावर. तिथून त्याची बारीक रोपं खुडून आणायची, टाक्यांत वाढवायची, वर लावायची. यंत्रांनी ती तुटतात. माणसाच्याच बोटांनी खुडावी लागतात. त्यासाठी त्यांना पाणबुडे हवे होते आणि पाणबुड्यांना टेक्निकल कोर्स करावा लागतो.

साधं डायव्हिंग आणि टेक्निकल यांत ओसरी आणि विहिरीएवढा फरक. ओसरीवरून घसरलात तर गुडघा फुटेल. टेक्निकलमध्ये, साधी हवा घेऊन चाळीस मीटरखाली गेलात की तिच्यातला नायट्रोजन दारूसारखा डोक्यात चढतो, म्हणून हवेत हेलियम मिसळावा लागतो. वर येताना ठरल्या ठिकाणी थांबत थांबत यावं लागतं, कारण दाबामुळे रक्तात विरघळलेला वायू घाईने वर आलं की सोड्याची बाटली फोडल्यासारखा फसफसतो. हे सगळं गणित मनगटावरचा संगणक करतो. त्याला जमत नाही ती एकच गोष्ट, माणसाची घाबर. श्वासातला कार्बन डायऑक्साइड जरा साठला की मेंदूत घंटा वाजते, 'गुदमरलास, पळ!' आणि भला शिकलासवरलेला माणूस सगळे थांबे सोडून वर धावत सुटतो. खोल पाण्यात माणसं पाण्याने कमी मरतात, घाबरून जास्त मरतात.

त्यावर उपाय म्हणून शांतक आलं. कानामागे चिकटवायची पट्टी, नखाएवढी. कानाच्या पाळीपासून निघून मेंदूकडे जाणारी एक नस आहे, वेगस नावाची. तिला विजेची अगदी बारीक टोचणी दिली की हृदय मंदावतं, श्वास लांब होतो. शांतक नाडी वाचतं, श्वास वाचतं, आणि घाबरीची लाट उठायच्या आत ती दाबतं. शिवाय ते शिकतं. कुठल्या खुणेनंतर तुम्ही घाबरता हे त्याला कळत जातं, तसं ते दर खेपेला थोडं आधी दाबतं. साठ मीटरखाली ते लावल्याशिवाय जायचं नाही, असा नियमच झाला. अपघात कमी झाले, हेही खरं.

पण नसेलाही सवय लागते, पट्टी काढल्यावरही ती सगळं दाबतच राहते, हे कोणी सांगितलं नाही. सिद्धेश पहिल्या तुकडीतला. तेव्हा देवगडला दुसऱ्याच एका कंपनीचं केंद्र होतं, तिथे तो जायचा; त्यांच्याही होड्या याच सातवीण खडपावर जायच्या. पहिल्या महिन्यात मी खूश होते. एरवी नाक्यावरून भांडून येणारा माणूस शांत बसून जेवायचा. पाणबुड्यांच्या बायका आम्ही आपसात थट्टा करायचो, "सरकारने ही पट्टी लग्नातच द्यायला हवी!" मग हळूहळू थट्टा बंद झाली. मी मुद्दाम मीठ नसलेली आमटी वाढली, तरी तो काही बोलला नाही. शर्वी, आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. कुंपणाच्या दगडी गडग्यावरून पडली, कपाळ फुटलं, रक्ताने फ्रॉक भिजला. मी किंचाळले. सिद्धेश ओट्यावर होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, टीव्हीवर दुसऱ्या देशातला पूर दाखवतात तेव्हा आपण पाहतो तसं, आणि म्हणाला, "रिक्षा बोलवूया." रिक्षा बोलावली, टाके घातले, काही चुकलं नाही त्याचं. त्या रात्री मी त्याला विचारलं, "तुला काहीच नाही वाटलं?" तो खूप वेळ विचार करून म्हणाला, "वाटायला हवं होतं, एवढं कळलं."

मी म्हटलं, सोड ही नोकरी. तो बरं म्हणाला. हंगाम संपला की सोडतो म्हणाला. त्याच हंगामात तो राहिला.

कंपनीचा माणूस घरी आला होता. सिद्धेशबरोबर खाली सेल्वम नावाचा तुतिकोरीनकडचा जोडीदार होता. परतायची वेळ झाली, सेल्वम वर निघाला, सिद्धेश मागून आला नाही. पाण्याखाली शोधणारी यंत्रं सोडली, पण त्या उतारापुढे दरी आहे, काही हाती लागलं नाही. तो माणूस सासूबाईंसमोर हात जोडून म्हणाला, "त्यांचे शेवटचे शब्द आमच्याकडे आहेत. 'वर येत आहे' असं ते म्हणाले होते. काहीतरी तांत्रिक बिघाड झाला असावा."

'वर येत आहे.' सासूबाईंनी तेवढं धरलं. माझा झील, माझा मुलगा, येत होता. येता येता कुठेतरी अडकला. मग त्याचं कार्य कसं करायचं? दहावं नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. मी मंगळसूत्र काढलं नाही. गावाने आधी समजूत घातली, मग नाद सोडला. मीही वाद घातला नाही. मला वाटलं, म्हातारीला त्यात आधार आहे तर राहू दे. मला तर तसंही काही वाटत नव्हतं.

म्हणून केंद्राचं बोलावणं आलं तेव्हा मी नको म्हणेन असं तुम्हाला वाटलं असेल. छे. मी फोन ठेवला आणि घरात सांगितलं, "टेक्निकलला बोलावलंय." सासूबाई पडवीत बसल्या होत्या. त्या एकदम ताठ झाल्या.

"खडपार जातत ते?" त्यांनी विचारलं.

"हो. सातवीण खडपावरच."

"मगे जा गो तू. जा नि बघ. थंयच खंय तरी अडाकलो आसतलो तो. तू गेलंस तर तुका गावतलो."

शर्वी गृहपाठ करत होती. तिने पेन्सिल थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि परत लिहायला लागली. दहा वर्षांची पोर, पण घरात दोन वर्षं अशी वावरते की तिचा आवाज कोणाला लागू नये. मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की कोर्सच्या दिवसांत तिला शाळेत कोण सोडणार.

कोर्सचे मास्तर इनामदार सर. साताऱ्याकडचे, आधी नौदलात होते, मग अंदमानात. आमच्याकडे याच वर्षी आलेले. माझा नवरा समुद्रात राहिला हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, पण कसा, कुठे, हे त्यांनी विचारलं नव्हतं. माझं सर्टिफिकेटही माहेरच्या नावावर, रसिका टिकम.

"ताई, आधी घाबरचाचणी," ते म्हणाले. "शांतक न लावता. तुमची मूळ घाबर किती ते बघायचं, म्हणजे पट्टी तशी लावता येते. नंतर दोन दिवस वर्ग, मग तुम्ही होकार-नकार सांगायचा."

चाचणी टाकीत होते. दोन पुरुष खोल पाणी, तळाला लोखंडी बाक. मास्कवर काळं फडकं, म्हणजे डोळ्यांपुढे मिट्ट अंधार. मग काही न सांगता हवा जड करत नेतात आणि एका क्षणी तोडतात. छातीवरच्या तारा वर आलेख काढत असतात. माझ्या आधी एक रत्नागिरीचा तगडा गडी बसला होता, तो बाकासकट उठला म्हणे.

मी बसले. अंधार झाला. हवा जड झाली, छाती भरून आली, आणि मग ओढलं तर काही आलंच नाही. मला कळलं की हवा तोडली आहे. मला आठवतं, मी बाकावर हात सैल सोडले आणि मनात म्हटलं, चला, बरं झालं. कोणी काही विचारणार नाही, डब्याला काय करू म्हणून डोकं पिकणार नाही. सुटल्यासारखं वाटलं. किती तरी दिवसांनी काहीतरी वाटलं, ते हे.

त्यांनीच हवा सोडली आणि मला वर काढलं. इनामदार सर आलेखाकडे बघत होते, लहान मुलाला खाऊ मिळाल्यासारखे.

"ताई, हे बघा! सरळ रेघ. शांतक लावूनसुद्धा लोकांची अशी येत नाही. तुम्हाला पट्टी जेमतेम लागेल. खोल पाण्यासाठीच जन्माला आलात तुम्ही."

"बरं," मी म्हटलं.

घरी येऊन हे सांगितल्यावर सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. शर्वीने विचारलं, "सरळ रेघ म्हणजे पास?" मी हो म्हटलं. ती दप्तर आवरायला उठली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला. आम्ही चौघं होतो. वायूंची मिश्रणं, थांब्यांची कोष्टकं, एका नळीत बिघाड झाला तर दुसरी कशी घ्यायची, असलं सगळं. जेवणानंतर इनामदार सर म्हणाले, "आता एक खरा अपघात ऐकवतो. नाव झाकलेलं आहे. यात जोडीदाराने काय चूक केली ते मला सांगायचं."

पडद्यावर दोन निळ्या रेघा होत्या, दोघा पाणबुड्यांची खोली दाखवणाऱ्या. खाली अक्षरं उमटत होती. आता मास्कमध्येच बोलता येतं, तुम्हाला ठाऊक असेल. जबड्याच्या हालचालीवरून यंत्र शब्द ओळखतं आणि जोडीदाराला समजेल अशा भाषेत, बहुतेकदा हिंदीत, त्याच्या कानात म्हणतं. बाजारात गुजराती पर्यटकाशी बोलायला वापरतो तसंच. यंत्राचा आवाज मोठा, मूळ माणसाचा त्याच्याखाली बारीक.

जोडीदार विचारतो, वेळ झाली, वर निघायचं? थोडा वेळ नुसता श्वास. लांब, सावकाश. मग यंत्राचा गुळगुळीत आवाज, "ठीक है. आ रहा हूँ." पडद्यावर इंग्रजीत तेच. जोडीदाराची रेघ वर चढायला लागते. दुसरी रेघ जरा वेळ आडवी राहते आणि मग खाली जायला लागते.

"तो येतोय असं सांगतो," सर म्हणाले, "आणि जोडीदार मागे न बघता निघतो. ही चूक. इकडे याच्या हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमध्ये बिघाड झाला असणार, म्हणून हा खाली ओढला गेला. लक्षात घ्या..."

"सर," मी म्हटलं, "यंत्राचा आवाज बंद करून लावा ना."

"का हो?"

"लावा तर."

त्यांनी लावलं. श्वास. लांब, सावकाश. आणि मग तो आवाज, नाकातून थोडा, सर्दी असल्यासारखा नेहमीच.

"बरा तर. येतंय हां."

मी परत लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. सर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "माझा नवरा आहे तो," मी म्हटलं.

"ताई, मला खरंच माहीत नव्हतं," सर म्हणाले. "मी बंद करतो."

"थांबा. तुम्ही साताऱ्याचे ना? तुम्ही घरातून निघताना आईला काय म्हणता?"

त्यांच्या चेहऱ्यावर तो अर्थ उतरताना मला दिसला.

"येतो म्हणतो," ते हळू म्हणाले. "जातो म्हटलं तर आई ओरडते."

"मग झालं तर. आमच्याकडे येतंय म्हणतात."

यंत्राने काही चुकीचं सांगितलं नव्हतं. येतंय म्हणजे आ रहा हूँ, शाळेतल्या मास्तरानेही हेच सांगितलं असतं. त्याचं इंग्रजी झालं, मग कोणीतरी त्यात 'वर' घातलं, मग त्याचं छापील मराठी होऊन ते आमच्या पडवीत आलं. पण 'बरा तर, येतंय हां' असं येणारा माणूस म्हणत नाही. ते उंबऱ्यावर चपला घालता घालता म्हणतात. सिद्धेश रोज सकाळी म्हणायचा. तो निघतो म्हणून सांगत होता.

त्याला मरायचं होतं असं मी म्हणत नाही. तेवढं वाटायलासुद्धा माणसात काही शिल्लक असावं लागतं. खाली त्याला बरं वाटत असणार, आणि वर का यायचं ते पट्टीने पुसून टाकलेलं. जॅकेटबिकेट काही बिघडलं नव्हतं, त्याने त्यातली हवा सोडली आणि तो निघाला. सगळं गेलं होतं, वळण तेवढं राहिलं. घरातून निघताना सांगून निघायचं, हे आईने लावलेलं वळण. ते त्या बिचाऱ्या सेल्वमच्या कानात, ज्याला त्यातलं ओ की ठो कळणार नव्हतं.

"मी हे कितीदा ऐकवलंय ताई," इनामदार सर म्हणाले. "दर वेळी नुसती अक्षरं वाचत होतो."

माझ्या पोटात काहीतरी झालं. आधी मला वाटलं, सकाळचे पोहे बाधले. मी बाहेर येऊन कठड्याला धरून उभी राहिले. ते पोटातून वर यायला लागलं, छातीत, मग गळ्यात, आणि मला आठवलं की याला राग म्हणतात. मेल्या, मी मनात म्हटलं, सांगायचं होतंस तर मला सांगायचंस! तुझ्या घरी बायको होती, पोर होती, ती रोज दाराशी यायची. तिकडे पाण्यात कोणाला सांगतोस? इतका संताप आला की कठड्याचा गंज माझ्या तळव्याला लागला ते मला नंतर दिसलं.

आणि रागापाठोपाठ दुसरं आलं. काल त्या बाकावर हवा तुटल्यावर मी काय म्हटलं होतं? चला, बरं झालं. मला पट्टी लावलेली नव्हती. मला कोणी टोचणी दिली नव्हती. मी तशीच, माझ्या पायांनी चालत, तिथे पोचले होते, आणि सर माझं कौतुक करत होते, घरात देवापुढे साखर ठेवली होती.

मी आत गेले. "सर, मला परत टाकीत बसवा."

"आज नको, ताई."

"आजच. मला बघायचंय."

त्यांनी नाही म्हणून पाहिलं. माझं ते जुनं प्रसिद्ध तोंड बहुतेक परत आलं असावं, कारण शेवटी ते तारा लावायला लागले.

बाकावर बसले. अंधार. हवा अजून जड करायला सुरुवातही झाली नव्हती, तेवढ्यात हृदय धाडधाड वाजायला लागलं. मी स्वतःला सांगितलं, रसिका, ही टाकी आहे, दोन पुरुष पाणी आहे, वर चार माणसं आहेत. कसलं काय! हवा जड झाली आणि मला शर्वी दिसली, पेन्सिल थांबवून माझ्याकडे बघणारी. हवा तुटली. मग मला काही आठवत नाही. सर नंतर म्हणाले, मी मास्क ओरबाडून काढला, एका मदतनिसाच्या तोंडावर लाथ मारली आणि पाणी गिळत, किंचाळत वर आले. मला एवढं आठवतं की मी टाकीच्या काठावर पालथी पडून ओकत होते आणि अंग थडथड उडत होतं, आणि मी ओरडत होते, "नको, नको, मला नाही जायचं!"

कोणीतरी टॉवेल टाकला. सर शेजारी उकिडवे बसले. त्यांच्या हातात आलेखाचा कागद होता, तो त्यांनी मला दाखवला नाही.

"नापास?" मी विचारलं.

"हो. साफ." मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "म्हणजे शांतक लावलं तर नियमात बसतं, एकदा नसेला सवय झाली की..." आणि ते तिथेच थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांना ऐकू आलं असावं. "उद्या सांगा," ते म्हणाले. "किंवा नका सांगू."

घरी पोचले तेव्हा सासूबाई पडवीत सूप घेऊन सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडत होत्या. वाटेत प्रत्येक ट्रकला मी रस्ता सोडून उभी राहिले होते.

"कधी नेतत खाली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

आता खरी भीती वाटली. टाकीतली परवडली. या बाईने दोन वर्षं एका शब्दावर काढली होती, आणि तो शब्द मी काढून घेणार होते. न सांगता राहता आलं असतं. नापास झाले, एवढंच सांगून आत जाता आलं असतं. पण मग उद्या त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी सांगितलं असतं, जा, बघ, माझा झील अडकलाय. आणि घरातली आम्ही तिघं जन्मभर अशीच त्याची वाट बघत बसलो असतो.

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. त्याचा आवाज ऐकला म्हणून सांगितलं. तो 'वर येत आहे' असं म्हणाला नव्हता म्हणून सांगितलं.

त्यांचा हात सुपात थांबला. "मगे काय म्हटल्यान?"

मी सुपातलं एक सुंगट उचललं आणि परत ठेवलं.

"कसा म्हटल्यान, तसा म्हण माका."

मी म्हटलं. त्याच्यासारखं, नाकातून, जरा ओढून. "बरा तर. येतंय हां."

सासूबाईंनी मान वरही केली नाही. सुंगटं निवडता निवडता, रोज सकाळी म्हणायच्या तशा, त्या सुरातच म्हणाल्या, "बरा. ये. सांबाळून."

आणि मग त्यांना कळलं, काय म्हणाल्या ते. दोन्ही हात सुपात तसेच राहिले. त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "भटजीक सांगूक होया गो."

तेव्हा मी रडले. हंबरडाच फोडला म्हणायला हरकत नाही, शेजारची कुत्री भुंकायला लागली. सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या, त्याही रडत होत्या, आवाज न करता. शर्वी आतून धावत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. ती इतकी घाबरली होती की तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आई, काय झालं? तुला खाली जायचंय म्हणून रडतेस?"

"नाही गं. मी नाही जाणार."

"पण तू पास झालीस ना?"

"आज परत बसले. नापास झाले. भीती वाटते मला खाली. खूप भीती वाटते."

शर्वीने उंबरा ओलांडला. मग जवळ आली, माझ्या मांडीला टेकून बसली आणि माझा ओला हात तिने दोन्ही हातांत धरला.

"मग नको जाऊ," ती म्हणाली.